मागच्या स्पीकरचं अंतर

१

थोरली मोजणी खात्यात होती. अकरा वर्षं लोकांच्या जमिनी मोजून तिचा माणसांवरचा विश्वास थोडा उडाला होता आणि पोलादी टेपवरचा पक्का झाला होता. दोन भाऊ एकाच बांधाकडे बोट दाखवून दोन वेगवेगळ्या जागा सांगायचे. टेप मात्र सगळ्यांना एकच आकडा सांगायची. खात्यात लागल्यापासून तिला सवय होती, कुठलंही माप तीनदा घ्यायचं. पहिलं बरोबर आलंय असं डोळ्यांना दिसत असलं तरी तीनदा. घरात पडद्याचं कापड आणायचं असलं तरी ती खिडकी तीनदा मोजायची, आणि आई कपाळाला हात लावायची. बाबा तिला ‘फूटपट्टी’ म्हणायचे.

म्हणायचे, कारण गेले पाच महिने ते फारसं काही म्हणतच नव्हते. साखरेने आधी एक डोळा नेला, मग दुसरा. बाबांनी एकतीस वर्षं सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवलं होतं. बाल्कनीच्याही मागे, वर, त्या छोट्या खोलीत उभं राहून त्यांनी हजारो लोकांना सिनेमे दाखवले. थिएटर बंद झालं तेव्हा ते खचले नाहीत. डोळे गेले तेव्हा मात्र त्यांनी आपल्या खोलीचं दार ओढून घेतलं. जेवायला बाहेर यायचे, भिंत चाचपत, वीतभर पाऊल टाकत. जेवले की परत आत.

“बाहेर बसा ना जरा,” आई म्हणायची.

“बाहेर काय वेगळं दिसणार आहे?”

मग आई पुढच्या खोलीत जाऊन शिलाई मशीन जोरात चालवायची.

पण थोरलीकडे उत्तर होतं. घरात मागच्या बाजूला एक रिकामी खोली होती, चार मीटर वीस बाय तीन दहा. तिथे एक आरामखुर्ची टाकायची, भोवती पाच स्पीकर लावायचे, दणदणीत आवाजाचा सहावा डबा कोपऱ्यात ठेवायचा, आणि बाबांना सिनेमा ऐकवायचा. पाऊस डोक्यावरून, घोडे डावीकडून उजवीकडे. डोळे नसलेल्या माणसाला खोलीबाहेर काढायचं तर कानांना धरून काढलं पाहिजे, असं तिचं साधं गणित होतं. स्पीकर तिने घेऊन टाकले होते. आता फक्त रिसीव्हर निवडायचा होता, म्हणजे सिनेमातला आवाज वेगळा वेगळा करून ज्याचा त्याच्या स्पीकरकडे धाडणारा डबा.

दुकानदार काका ओळखीचे होते. “तीन आहेत तुमच्या बजेटात,” ते म्हणाले. “एकेक घरी नेऊन लावा. दुकानात सगळेच गोड वाजतात. घरच्या भिंती खरं बोलतात.”

हे वाक्य तिला फार आवडलं. तिने घरी येऊन वहीत तीन रकाने आखले.

२

पहिला रिसीव्हर काळा आणि एवढा जड होता की आई म्हणाली, “यात गिरणी आहे का?”

थोरलीने तारा जोडल्या. डब्याच्या पाठीवर सात स्पीकरांसाठी जागा होती. पाच तिने भरल्या. मागच्या दोन रिकाम्या ठेवल्या, कारण खुर्चीच्या मागे स्पीकर लावायला जागाच नव्हती. खुर्चीपासून मागची भिंत एक मीटर पंधरावर होती.

मग मोजणी. डब्यासोबत एक छोटा माइक आला होता. तो खुर्चीवर, बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीला ठेवायचा, बटण दाबायचं, खोलीबाहेर जायचं आणि घरात कुणी आवाज करायचा नाही. डबा एकेका स्पीकरमधून ‘फुस्स’ असा आवाज सोडतो, माइक तो ऐकतो, आणि कुठला स्पीकर आहे, कुठला नाही, किती अंतरावर आहे, हे डब्याच्या छोट्या पडद्यावर येतं. डब्यालाही मोजणी येते हे कळल्यावर थोरलीला तो घरचाच वाटायला लागला.

“आई, मशीन थांबव दोन मिनिटं!”

“थांबवलं. पण गिऱ्हाईक आलं तर तूच सांग, आमचा डबा मोजतोय म्हणून.”

दाराबाहेर उभी राहून तिने आवाज मोजले. डावा. मधला. उजवा. बाजूचा उजवा. मग थोडा वेळ काहीच नाही, कारण रिकाम्या जागांची पाळी होती. मग बाजूचा डावा, आणि शेवटी सहाव्या डब्याची घरघर.

पडद्यावर आकडे आले. तिने टेपने ताडून पाहिले. डावा दोन मीटर एकाहत्तर, टेपवर दोन सत्तर. मधला बरोबर. उजवा बरोबर. बाजूचे दोन्ही बरोबर. ती खूश झाली. आणि मग खालची ओळ दिसली.

मागचा: आहे. अंतर: ४.६२ मीटर.

तिने डब्याच्या पाठीमागे डोकं घालून पाहिलं. मागच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. प्लास्टिकच्या टोप्यासुद्धा काढलेल्या नव्हत्या.

“लबाडा,” ती डब्याला म्हणाली, आणि पुन्हा मोजलं. बाकी सगळे आकडे तेच. मागचा: ४.१७. तिसऱ्यांदा मोजलं. मागचा: ३.७१.

तिने तिन्ही आकडे वहीत लिहिले, सरासरी काढली आणि बाजूला लिहिलं, ‘डब्याचा दोष’. मग केवळ गंमत म्हणून घराला वळसा घालून ती मागच्या बाजूला गेली. भिंतीच्या पलीकडे नव्वद सेंटिमीटरची बोळ होती, पुढे कुंपणाची भिंत, आणि कुंपणापलीकडे शेजारचा मोकळा प्लॉट. चार मीटर बासष्ट म्हणजे त्या प्लॉटमध्ये, गवतात. तिने टाचा उंचावून पाहिलं. दुपारचं लख्ख ऊन होतं. गुडघाभर वाळलेलं गवत आणि एक फुटकी बादली. स्पीकर असायचं काही कारणच नव्हतं.

३

संध्याकाळी बाबांना हाताला धरून आणलं. ते कुरकुरत आले. “आंधळ्याला सिनेमा म्हणजे टकल्याला कंगवा.”

“बसा तर खरं.”

थोरलीने एक जुना युद्धाचा सिनेमा लावला. विमान आलं, समोरून येऊन डोक्यावरून गेलं. बाबांची मान विमानाबरोबर फिरली. थोरलीने आईकडे पाहिलं. आई दारात उभी होती, तोंडात टाचणी धरून, आणि ती टाचणी काढायची विसरून गेली होती.

अर्ध्या तासाने बाबा बोलायला लागले ते थांबेनात. मधला जरा तिखट आहे. उजवा भिंतीला फार चिकटलाय, हातभर पुढे घे. आमच्या थिएटरात डाव्या कोपऱ्यात आवाज मरायचा, मी मॅनेजरला दहादा सांगितलं होतं. थोरली भराभर लिहून घेत होती.

“आणि मागचा झकास लागलाय,” बाबा म्हणाले.

तिचं पेन थांबलं. “बाबा, मागे स्पीकर नाहीये.”

“मग तर फारच झकास. फुकटात मिळाला.” ते हसले. पाच महिन्यांनी हसले. “अगं, आवाज मोठा नाहीये त्याचा. पण मागे काहीतरी आहे असं वाटतं. मी जन्मभर सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. माझ्या मागे कुणीच नसायचं, नुसती भिंत. आज जरा बरं वाटतंय.”

थोरलीने स्वतःला समजावलं. समोरचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, माणसाला वाटतं मागून आला. याला प्रतिध्वनी म्हणतात, आणि तो शाळेच्या पुस्तकातही आहे. मात्र भिंत एक मीटर पंधरावर होती आणि आकडा चाराच्या आसपास, एवढी एक गोष्ट पुस्तकात बसत नव्हती. तिने ठरवलं, डबा बदलायचा. दोष असलेला डबा कितीही गोड वाजला तरी घ्यायचा नाही.

४

दुसरा रिसीव्हर चंदेरी, सडपातळ, वेगळ्या कंपनीचा. तो आणण्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत बाबा रोज विचारत होते, “कधी येतोय?” जेवण झाल्यावर ते खोलीत न जाता ओट्याशी आईशी बोलत उभे राहत होते. आई थोरलीच्या कानात म्हणाली, “कुठलाही घे. दगड घे. पण घे.”

डबा जोडला, माइक ठेवला, बटण दाबलं.

मागचा: आहे. ३.२७.

थोरलीने वहीचं मागचं पान काढलं. पहिल्या डब्याचा शेवटचा आकडा ३.७१ होता. दुसऱ्या कंपनीचा दुसरा डबा, नव्या तारा, मधे चार दिवस, आणि हा पठ्ठ्या पहिल्याने जिथे सोडलं तिथून पुढे मोजत होता. तिने पुन्हा मोजलं. २.८१.

तिसऱ्यांदा तिने बटण दाबलं नाही. तिने दुकानदार काकांना फोन केला.

काका चष्मा पुसत आले. त्यांनी पेटी उघडून मीटर काढलं, रिकाम्या जागा तपासल्या, त्यांवर चिकटपट्टी लावली. “ताई, वीस वर्षं हे करतोय. नसलेला स्पीकर दाखवतो म्हणजे आवाज एका जागेतून दुसऱ्या जागेत गळतोय. आता बघा.” त्यांनी बटण दाबलं आणि दोघं बाहेर येऊन दार लोटून उभे राहिले. आईने मशीन थांबवलं.

डावा, फुस्स. मधला, फुस्स. उजवा. बाजूचा उजवा.

मग रिकाम्या जागांची पाळी आली. आतमध्ये शांतता होती. आणि त्या शांततेत, हळूच, आवाज आला. स्पीकरचा नव्हता. स्पीकरचा आवाज एकसारखा असतो, कातरल्यासारखा सुरू होतो आणि कातरल्यासारखा थांबतो. हा आधी अडखळला, मग लांबला, आणि शेवटी हवा संपल्यासारखा बारीक झाला. लहान मूल कुकरच्या शिट्टीची नक्कल करतं तसं कुणीतरी तोंडाने ‘फुस्स’ केलं होतं.

काका आणि थोरलीने एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघंही दाराकडे बघत राहिले.

बाजूचा डावा. घरघर. संपलं.

पडद्यावर होतं, २.३७.

काका पेटी भरायला लागले. मीटरची तार त्यांनी गुंडाळलीच नाही, तशीच कोंबली. “ओलाव्याने होतं असं कधीकधी,” ते म्हणाले. घरात कुठेही ओलावा नव्हता. उंबऱ्यापाशी पोचल्यावर ते थांबले. “तिसरा तुम्ही दुकानातून घेऊन जा. आणि ताई, एकदा सेट झालं की सारखं सारखं मोजू नका.”

“का?”

“का म्हणजे, गरज काय?”

५

रात्रीची वाट न पाहता, उजेडातच, तिने जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि खोलीचा नकाशा काढला. तिच्या कामाचाच भाग होता तो. खुर्ची, भिंत, बोळ, कुंपण, प्लॉट. मग कंपासने सहा खुणा केल्या. पहिल्या पाच प्लॉटमध्ये पडल्या. सहावी बरोबर कुंपणाच्या भिंतीत.

दोन खुणांमधलं अंतर दर वेळी पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास येत होतं. दोष असता तर आकडे इकडेतिकडे उडाले असते. हे आकडे रांगेत होते. मधे चार दिवस गेले तेव्हा तो मागचा एक सेंटिमीटरसुद्धा सरकला नव्हता. जेव्हा मोजलं तेव्हाच सरकला. एक मोजणी, एक पाऊल.

मोठ्या माणसाचं पाऊल पंचाहत्तरचं असतं. पंचेचाळीसचं पाऊल कुणाचं, हे तिला लगेच आठवलं, कारण रोज बघत होती. चाचपत चालणाऱ्याचं.

तिने पेन्सिल खाली ठेवली. घाबरलेय का मी, असं तिने स्वतःला विचारलं, आणि प्रामाणिक उत्तर दिलं: थोडी. मग तिने डोकं चालवलं. जे मोजल्यावर पुढे येतं ते न मोजल्यावर जागेवर राहतं. साधी गोष्ट आहे. डब्याला मोजायला सांगायचंच नाही. पाचही अंतरं आपल्याकडे टेपची आहेत, ती हाताने भरायची आणि मागचा स्पीकर ‘नाही’ असं लिहायचं. झालं. बाबांना सिनेमा मिळेल, डब्याला काम मिळेल, आणि कुंपणात जे काय आहे ते बसेल कुंपणात.

एवढं ठरल्यावर तिला भूकसुद्धा लागली.

तिसरा रिसीव्हर बुटका होता, मोठ्या गोल बटणांचा. तिने तसंच केलं. माइक खोक्यातून काढलाच नाही. आकडे हाताने भरले. संध्याकाळी बाबा मोठ्या उमेदीने येऊन बसले. दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, “मागचा कुठे गेला?”

“मागचा नव्हताच बाबा. तो दोष होता.”

“हं.”

“हा चांगला नाही का वाजत? बटणं बघा कशी आहेत, तुम्हाला चाचपून कळतील.” तिने त्यांचा हात धरून एकेक बटण दाखवलं. हे चालू, हे आवाज, हे सिनेमा. बोटं फिरवता फिरवता बाबांनी विचारलं, “आणि हे टोकाचं?”

“ते मोजणीचं. ते लागत नाही.”

“हं,” बाबा पुन्हा म्हणाले. सिनेमा अर्धवट सोडून ते खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दार ओढलेलं होतं आणि आई पुढच्या खोलीत मशीन जोरात चालवत होती.

६

चौथ्या दिवशी थोरली ऑफिसातून दुपारीच परतली. फाटकापाशी आली तर मशीन बंद होतं. आई हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि चेहरा उजळला होता.

“हळू,” ती कुजबुजली. “तुझे बाबा मोजतायत. सकाळपासून तिसऱ्यांदा मशीन थांबवायला लावलं मला. ‘बंद कर गं ती खटखट,’ म्हणाले. अस्सा आवाज चढवून! थिएटरात असताना चढवायचे तसा.” आईच्या डोळ्यांत पाणी होतं. “मी म्हटलं, हो साहेब.”

थोरली चपला न काढता आत धावली.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि खोलीत लपायला कोपरासुद्धा नव्हता. बाबा खुर्चीत बसले होते. बाहेर जाऊन थांबायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माइक त्यांनी स्वतःच खोक्यातून शोधून काढला होता आणि खुर्चीच्या पाठीवर, आपल्या कानाशी, धरला होता.

“फूटपट्टी आली का? ये. तीनदा मोजायचं ना, तुझ्या खात्याचा नियम. मोजलं तीनदा. आता मागचा मस्त लागलाय. वाच बघू किती आलाय.”

तिने पडद्यावर पाहिलं. बाबांच्या तिन्ही मोजण्या तिथे एकाखाली एक होत्या. १.९१. १.४६. १.०१.

मागची भिंत एक मीटर पंधरावर होती.

म्हणजे बोळ संपली होती, भिंतही संपली होती. थोरलीने खुर्चीच्या मागे पाहिलं. फरशी होती. भिंतीवर उन्हाचा चौकोन होता. भिंतीत आणि खुर्चीत जेवढी जागा होती तेवढीच होती, आणि ती रिकामी होती.

“बाबा, उठा.”

“का गं? आत्ता तर बसलोय.”

“उठा म्हणते ना!”

तिचा आवाज ऐकून बाबा उठले. खुर्चीचा हात धरून समोरच्या बाजूला उभे राहिले, चेहरा तिच्याकडे नाही, थोडा बाजूला. तिने माइक खेचून काढला, डब्याची वायर भिंतीतून उपटली. पडदा काळा झाला. तिला जरा सुटल्यासारखं वाटलं. आता डबा मोजू शकत नव्हता. आता ते जिथे आहे तिथे आहे. किंवा नाहीच. आधी ते नाही हे स्वतःला दाखवायला हवं होतं, आणि ते दाखवायची एकच रीत तिला येत होती.

तिने खांद्यावरच्या पिशवीतून टेप काढली. खुर्चीच्या पाठीपासून मागच्या भिंतीपर्यंत लावली. पोलादी पट्टी सरळ गेली, कशालाही न अडता, भिंतीला टेकली. एक मीटर पंधरा.

“काय करतेस?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. खात्री.”

थोडं डावीकडे सरकून पुन्हा लावली. एक पंधरा. उजवीकडून पुन्हा. एक पंधरा. मधे काहीच नव्हतं. तिला हसूच आलं. अकरा वर्षं जी टेप खोटं बोलली नाही ती आजही बोलली नव्हती. तिने कट्कन बटण दाबलं, पट्टी सरसरत आत गेली, आणि सवयीने तिने वही उघडली. बाबांच्या तीन आकड्यांखाली आपले तीन लिहायला.

तिसरा आकडा लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

मागची जागा आपण मोजली होती. डब्याने नाही, आपण. तीनदा.

आकडेमोड करायची तिची इच्छा नव्हती, पण ती आपोआप झाली. एक मीटर एक, त्यातून तीन पावलं. पंचेचाळीस त्रिक एक मीटर पस्तीस. म्हणजे आता खुर्चीच्या मागे काही नव्हतंच. टेप खरं तेच बोलली होती. ते खुर्ची ओलांडून पुढे आलं होतं, जिथे ती आणि बाबा उभे होते.

“झाली का खात्री?” बाबांनी हात पुढे केला. उजवा हात हवेत फिरला आणि तिच्या खांद्यावर टेकला. तो त्यांनी थोपटला. मग डावा हात दुसऱ्या बाजूला गेला, तिच्यापासून हातभर लांब, आणि तिच्या खांद्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली थांबला.

हवेत धरलेला हात थोडा तरी कापतो. बाबांचे हात तर गेली दोन वर्षं कापतच होते. उजवा हात तिच्या खांद्यावर होता म्हणून स्थिर होता. डावाही स्थिर होता. त्याची बोटं कशावर तरी वाकली होती, आणि अंगठा मागेपुढे फिरत होता, कापड चाचपावं तसा.

बाबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. “अगं, तुझी आई पण आहे होय इथे? बोलत का नाही मग?”

“झालं का तुमचं?” पुढच्या खोलीतून आईची हाक आली. “मशीन सुरू करू?”

बाबांचं हसू तसंच राहिलं. अंगठा थांबला.

पुढच्या खोलीत मशीन सुरू झालं. त्या खटखटीत थोरली शक्य तितक्या हळू म्हणाली, “बाबा. हात काढा.”

“काढतोय,” बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, आणखी हळू, “काढतोय गं.”